मामाजींचं पाचवं शील

लग्न होऊन आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माझे सासरे, म्हणजे मामाजी, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे तेव्हा सून आणि सासरा समोरासमोर बोलत नसत, एवढंच. त्यांना पाणी हवं असलं की ते ओसरीच्या खांबाला सांगत, "पानी लागते." मी आतून ऐकून तांब्या आणून खांबापाशी ठेवी. जेवण झालं की ते खांबाला सांगत, "कालवन चांगलं झालं." त्या खांबाने माझं जेवढं कौतुक ऐकलं तेवढं माझ्या नवऱ्याने कधी केलं नसेल.

पण दर पौर्णिमेला, वंदनेच्या वेळी, मात्र उलटं होई. मी पुढे म्हणे आणि मामाजी माझ्या मागून म्हणत.

आमचं गाव घाटंजीपासून आत, जंगलाच्या अंगाला. छप्पन साली वस्तीतली बरीच माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्या आल्या घराघरांतले देव टोपल्यांत भरून नदीत सोडले आणि लिंबाच्या झाडाखाली कुडाचं छप्पर घालून त्यात दोन तसबिरी लावल्या. तिथे पौर्णिमेला सगळे जमत. मी दोन वर्षांनी दारव्ह्याकडून सून म्हणून आले. चौथी पास होते. वस्तीत वाचता येणारी माणसं कमी, आणि जी होती ती कामाला बाहेर. त्यामुळे वंदनेचं लहानसं पुस्तक माझ्या हातात पडलं. नव्या नवरीने पदर नाकापर्यंत ओढून पाली म्हणायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तिच्या मागून म्हणायचं, असं ते चाले. मला आतून फार मोठेपणा वाटे, हे कबूल केलेलं बरं.

पहिल्याच पौर्णिमेला मला मामाजींचा आवाज ओळखू आला. छाती भरून येणारा, दमाचा आवाज. पुरुषांच्या बाजूला ते अगदी मागे, चपलांपाशी बसत, पण सगळ्यांचे आवाज तेच ओढून नेत. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चाल चालणार नाही, खोटं बोलणार नाही. चार शीलं अशी ठणठणीत झाली. पाचवं मी म्हटलं, आणि मागून आलेला आवाज एकदम पातळ झाला. एवढी माणसं म्हणत होती, तरी अंगण रिकामं झाल्यासारखं वाटलं. मामाजी गप्प होते.

मला वाटलं, अडाणी माणूस, पाचव्याचे शब्द कठीण, विसरत असतील. घरी आल्यावर मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, मामाजीले म्हना, मी शिकवतो पाचवं. दोन दिवसांत येईन त्याईले."

आत्याबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. बाहेर ओसरीवरून खांबाला उत्तर गेलं, "तिले सांगा, मले येते. येते म्हनूनच म्हनत नाही."

मग आत्याबाईंनी मला समजावून सांगितलं. सांगताना त्या भाकरी थापत होत्या आणि ती भाकरी जरा जास्तच थापली जात होती. "चौथं काय आहे? खोटं बोलू नको. पाचवं काय आहे? दारू पिऊ नको. मानूस दारू पेते. मंग पाचवं म्हटलं का चौथं मोडते. म्हनून चारच म्हनते. पेतो थे पेतो, म्हने, वरून खोटं कायले बोलू?"

मला हसावं का चिडावं कळेना. दारुड्या माणसाचा हा कसला मानीपणा! सोडत नाही ते नाही, वरून हिशेब कसला चोख! माझा स्वभाव लहानपणापासून तिखट. मी त्या दिवशी त्यांच्या ताटात भाजी वाढली ती कमीच वाढली.

पण पुढच्या पौर्णिमांना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुरुषांची बाजू बघू लागले. पाचवं सगळ्यांत मोठ्याने जे म्हणत, त्यांतले दोघे-तिघे वंदना संपताच नाल्याच्या वाटेने निघत. नाल्यात मोहाची भट्टी होती. सरकारने दारूबंदी आणली तशी ती झुडपांच्या आणखी आत सरकली होती, एवढाच फरक. त्या वाटेवर मामाजी त्यांच्या बरोबरीने चालत. आणि वस्तीत नाव कोणाचं खराब? मामाजींचं. लोक म्हणत, याला एवढंही म्हणता येत नाही. लेकरं त्यांच्या चालण्याची नक्कल करत पुढे झिंगत जात आणि मोठी माणसं हसत. हसणाऱ्यांत ते मोठ्याने म्हणणारेही असत.

मामाजी करवतीचं काम करत. केळापूरच्या बाजूच्या जंगलातून सागवानाचे ओंडके यायचे. ओंडका लाकडी घोडीवर चढवायचा, गेरूत बुडवलेल्या सुताने त्याच्यावर रेघ मारायची, आणि दोघांनी मिळून मोठी करवत ओढायची. एक माणूस वर उभा, एक खाली. वरचा रेघ सांभाळतो, म्हणून वर उभा राहणाऱ्याला मान. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडतो. मामाजी तरुणपणापासून वर उभे राहणारे. त्यांचा जोडीदार जवळच्या पोडावरचा, म्हणजे आदिवासी पाड्यावरचा, कोलाम होता. तोही मोहाची घेई, पण सणाला, देवाच्या नावाने. द्रोण खाली ठेवला की ठेवला, मग पुढच्या सणापर्यंत त्याला तिची आठवण नसे. मामाजींना द्रोण खाली ठेवायची जागाच सापडत नव्हती.

मी घरात आले तेव्हाच त्यांचा हात हलायला लागला होता. सकाळी तर फारच. चहाची बशी तोंडापर्यंत न्यायची म्हणजे निम्मा चहा धोतरावर. धोतराची गाठसुद्धा नाल्यावर जाऊन आल्याशिवाय बसत नसे. एक घोट पोटात गेला की हात कसा स्थिर होई! त्यामुळे त्यांना वाटे की दारूने हात सुधारतो. घरातल्या आम्हा बायकांना दिसत होतं की हात बिघडवला तिनेच, आणि आता तीच उपकार केल्यासारखी तो जागेवर आणते.

रेघ वाकडी जाऊ लागली. फळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघू लागली. जोडीदाराने तक्रार केली नाही. एक दिवस तो स्वतः वर चढला आणि मामाजींना म्हणाला, "तू खाली ये." बस. इतक्या वर्षांचा मान एवढ्या तीन शब्दांत खाली आला. मामाजी त्या दिवशी घरी आले तेव्हा केसांत, भुवयांत भुसाच भुसा. आत्याबाईंनी काही न विचारता पाणी तापवलं.

मग अंग उतरायला लागलं. दंड काडीसारखे आणि पोट मात्र मोठं. पाय सुजले, बोट दाबलं की खळगा तसाच राही. डोळे पिवळे. भाकरी कुस्करून ठेवायचे आणि तशीच सोडून उठायचे. कुठे जरा लागलं की काळंनिळं. कालची गोष्ट आज आठवत नसे. लग्नाचा मांडव घालायला आधी त्यांनाच बोलावणं यायचं. आता मांडव उभे राहत आणि आम्हाला ते वाजंत्रीच्या आवाजावरून कळे. माझा नवरा रस्त्याच्या कामावर होता. तो घरी येई, जेवे आणि बापाकडे न बघता बाहेर जाई. आत्याबाईंना बायका पाण्यावर जागा देत, पण बोलणं थांबवून देत. आणि दिवस कलल्यावर नवऱ्याला शोधत नाल्याकडे जायचं काम होतंच. मामाजींनी कधी बायकोवर हात उचलला नाही, हे खरं आहे. पण त्याबद्दल त्यांचं कौतुक करायची माझी तयारी तेव्हा नव्हती, आजही नाही.

साठ-एकसष्टच्या सुमाराला एक दिवस जोडीदार दुपारीच आमच्या अंगणात आला. मामाजींची करवतीवरची पकड सुटली होती आणि मूठ छातीत बसली होती. तो त्यांना धरून घेऊन आला, बाजेवर निजवलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "याच्यासंगं दुसरा कोनी ओढत नाही. मी ओढतो, कारन आमी लहानपनापासून संगं आहो. पन आता खालीबी नाही जमत याले. मराचंच असन तर घरी मरू दे. माह्या करवतीखाली नको." एवढं बोलून तो तिथेच बसून रडला. मी त्याला पाणी दिलं. मोठा माणूस असा उघड रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

त्याच आठवड्यात पौर्णिमा आली. छातीला हळदीचा लेप लावलेले मामाजी येऊन चपलांपाशी बसले. मी म्हणायला लागले. त्या दिवशीही चार शीलांत त्यांचाच आवाज पुढे होता, मधे मधे तुटत होता तरी. चौथं झालं. पुरुषांतला एक जण पाचव्यासाठी छाती फुगवून बसलेला मला दिसला, आणि सकाळीच मी त्याला नाल्यातून येताना पाहिलं होतं. माझं डोकं भडकलं. मी पुस्तक मिटलं.

"पाचवं राह्यलं न बाई," एक म्हातारे म्हणाले.

"मी नाही म्हनत," मी म्हटलं. पदर होता तसाच नाकापर्यंत, पण आवाज काही पदरात राहिला नाही. "ज्याले खरंच पाळाचं आहे त्यानं आपलं आपलं म्हनावं. एक मानूस खरं बोलाले म्हनून गप राह्यते, तं त्यालेच सारे हासते. बाकीचे मोठ्यानं म्हनते अन् नाल्यात जाते. मले अशाईच्या पुढं चालाचं नाही."

काय गोंधळ झाला! एका दारुड्यासाठी सून शील बंद पाडते म्हणजे काय! पुस्तक काढून घ्या हिच्याकडून! घ्या, मी म्हटलं, वाचा कोण वाचता ते. पुरुष तावातावाने उठले. मग बायकांच्या बाजूला मागून एक म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली थे." आणि बायका एकेक करून उठून घरी गेल्या.

आत्याबाईंनी घरी येऊन भांडी अशी आपटली की शेजारचा कुत्रा पळाला. "धम्माले बट्टा लावला तुनं!" मी चुलीपुढे बसून लाकडं मागे-पुढे करत होते. तेवढ्यात दारात सावली पडली.

"सूनबाई."

मी वर बघितलं नाही. खांब तिकडे ओसरीवर होता आणि मामाजी इकडे दारात. ते माझ्याशी बोलत होते.

"माह्यापायी तू नको थांबू. माह्यापायी शील थांबलं असं नको व्हायले. तू म्हन. मी येतो मागून."

"पाचव्यालेबी याल?" मी विचारलं.

"येतो."

दुसऱ्या दिवशी ते नाल्याकडे गेले नाहीत. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद! आत्याबाईंनी सकाळी सकाळी त्यांच्यासाठी शिरा केला. आमची चूक तिथेच झाली, आणि ती आमच्यासारख्यांनीच करावी अशी होती. शील म्हणजे शील. आज घेतलं की आजपासून. त्यात थोडं थोडं कसलं? दारू सोडायची म्हणजे सकाळी उठून सोडायची, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. अंगात इतकी वर्षं मुरलेली वस्तू अशी हाकलली की ती माणसालाच घेऊन जाऊ शकते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळं अंग थरथरायला लागलं. मग घाम, ओकारी, डोळ्याला डोळा नाही. दोन दिवस असे गेले. त्यानंतरच्या सकाळी ते बाजेवर उठून बसले आणि हवेत करवत ओढायला लागले. "खाली ये रे, रेघ वाकडी चालली!" असं जोडीदाराला ओरडत होते. डोळ्यांतला भुसा काढा म्हणत होते आणि डोळ्यांत काही नव्हतं. भिंतीवरून मुंग्या येतात म्हणून भिंत पुसत होते. मग दात गच्च मिटले, अंग ताठ झालं आणि झटके आले. माझ्या आयुष्यात मी तेवढी भ्याले नाही.

वस्ती अंगणात गोळा झाली. एक म्हातारी कुजबुजली, "नदीत सोडलेले देव कोपले." आणखी कोणी म्हणालं, "घोटभर द्या, आत्ता उतरते," आणि खरंच एक पेला आला. ज्या आत्याबाईंनी जन्मभर त्या वासाचा तिटकारा केला, त्यांनी तो पेला हातात घेतला आणि नवऱ्याच्या तोंडाशी नेला. मामाजी तेव्हा जरा शुद्धीवर आले होते. त्यांनी ओठ मिटून मान फिरवली. आत्याबाईंनी पेला तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात जोडीदार बैलबंडी घेऊन आला. त्याने ना देवाचं विचारलं ना शीलाचं. माझ्या नवऱ्याच्या मदतीने मामाजींना उचलून गवतावर निजवलं आणि बैल घाटंजीच्या दवाखान्याकडे हाणले. मी आणि आत्याबाई मागे बसलो. वाटभर मी मामाजींचं डोकं मांडीवर धरलं होतं. सुनेने असं धरायचं नसतं, पण त्या दिवशी ते कोणाला आठवलं नाही.

तिथले डॉक्टर आधी सुई टोचायला धावले आणि मामाजी शांत झाल्यावर आमच्यावर तुटून पडले. "इतकी वर्षं रोज पिणारा माणूस असा एका दिवसात घरी सोडतो का? आधी इथे आणायचं, औषधाच्या आधाराने सोडवायचं. हे झटके आले की माणूस जातोसुद्धा!" बोलून झाल्यावर ते स्टूल ओढून आत्याबाईंपाशी बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "लिव्हर फार सुजलंय. आता वाचतील. पण यापुढे प्यायले तर मला काही करता येणार नाही, आई." त्या डॉक्टरांनी वस्तीतल्या बाईला आई म्हटलं, हे आत्याबाईंनी नंतर दहा घरी सांगितलं. माझेही हात आज त्यांच्यापुढे जुळतात.

मामाजी बरेच दिवस दवाखान्यात राहिले आणि परत आले ते निम्मे होऊन. पौर्णिमा आली. मी पुस्तक उघडलं, पाचही म्हटली. मागून पाचवं आलं आणि त्यात त्यांचा आवाज नव्हता!

मी चिडून घरी आले. आता तर बोलायची सोय झाली होती. "मामाजी, आता तं पेत नाही न तुमी? मंग?"

ते ओसरीवर बसून पाय चोळत होते. "आज पेलो नाही हे खरं. उद्याचं मले माहीत नाही. दिवस कलला का मन अजून नाल्याकडं जाते. मन तिकडं अन् तोंड इकडं, हेबी खोटंच न सूनबाई?"

पण गंमत पुढेच झाली. त्या वर्षी आमच्या वस्तीत पाचवं शील दर पौर्णिमेला हळू हळू होत गेलं. एक मोठा आवाज गळला, मग दुसरा गळला. आपण म्हणावं की नाही, असा ज्याचा त्याला विचार पडला होता. म्हाताऱ्यांना काळजी वाटली. मला मात्र ते बारीक पाचवं फार आवडे. त्यात जेवढे आवाज होते तेवढे खरे होते.

आणि एक गोष्ट वस्तीने केली, तिचे उपकार मी कधी विसरणार नाही. दिवस कलायची वेळ मामाजींना जड जाते हे कोणी बायकांपर्यंत पोचवलं, मला माहीत नाही. बहुतेक आत्याबाईंनीच पाण्यावर सांगितलं असणार. तेव्हापासून रोज नेमकी त्या वेळेला कोणीतरी दारात उभी. "मामा, बाज सैल झाली, जरा कसून द्या." "मामा, दाराची कडी बसत नाही." "मामा, कुऱ्हाडीचा दांडा निघाला." ज्या घरांत मामाजींची नक्कल व्हायची त्याच घरांतून बोलावणी येत. वस्तीतल्या बाजा त्या वर्षी इतक्या वेळा सैल झाल्या की त्यांच्यावर रोज उड्या मारूनही तेवढ्या होणार नाहीत. मामाजींना काय कळत नव्हतं? एकदा ते खांबाला म्हणाले, "कालच कसलेली बाज आज पुन्हा सैल." आणि उठून गेले कसायला.

जोडीदारानेही असंच काहीतरी केलं. आधी त्याने त्यांना करवतीचे दात कानशीने घासायला दिले. मग सूत मारायला दिलं. त्याच्या देवाच्या सणाला तो मोहाची घ्यायचा, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घराकडे फिरकत नसे. का येत नाही हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि मामाजींनी कधी विचारलं नाही.

चैतात मोहफुलं गळायला लागली आणि सगळ्या शिवाराला तो वास आला. मामाजी ओसरीवर येरझारा घालू लागले. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी आमच्याकडे कोणी करत नाही. त्यांना माझ्या माहेरी पाठवलं. तिकडे दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव सगळं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, जंगल नाही, मोह नाही. पण सासऱ्याने सुनेच्या बापाकडे जाऊन राहायचं म्हणजे लाजेची गोष्ट. आत्याबाई कानावर हात ठेवून बसल्या. माझ्या बापाने मात्र व्याह्याला दारातून आत घेतलं, काही विचारलं नाही, आणि सकाळी बंडीचा मोडका दांडा पुढ्यात टाकला. मोहफुलं सरेपर्यंत मामाजींनी तिथे दांडे घासले. परत आले तेव्हा गाल जरा भरले होते आणि एका हातात माझ्या आईने दिलेलं लोणचं होतं.

सगळं काही ठीक झालं असं मी म्हणणार नाही. लिव्हर पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. थोडं जास्त खाल्लं की पोट दुखे, हाताचा बारीक कंप शेवटपर्यंत राहिला. पण ते त्यानंतर बरीच वर्षं जगले. पुन्हा घोडीवर वर उभे राहिले. माझी लेकरं आजोबाच्या खांद्यावरून बाजार हिंडली. कोणी मला विचारलं की तुझ्या संसारात तुला काय मिळालं, तर मी आधी ती वर्षं दाखवीन.

माझं पहिलं लेकरू, मामाजी माझ्या माहेराहून परत आले त्यानंतरच्या पावसाळ्यात झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण नदीनाले भरून वाट बंद झाली आणि मी सासरीच बाळंत झाले. मुलगी झाली. पौर्णिमा तोंडावर होती आणि पुस्तक वाचणारी मी आत बाजेवर. या वेळी राहू द्या, असं बाहेर पुरुषांचं चाललेलं मला ऐकू येत होतं. माझा नवरा कामावर होता. दुसरं कोणी वाचणारं नव्हतं.

मग मामाजींचा आवाज आला. "राहू कायले द्या? मले येते."

लिंबाचं झाड आमच्या कुडापासून हाकेच्या अंतरावर. मी पोरीला मांडीवर घेऊन ऐकत होते. आत्याबाई तिच्या पायांना तेल चोळत होत्या. मामाजी पुढे म्हणत होते, पुस्तकाशिवाय, आणि माझी म्हणायची जी ढब होती, नेमकी तीच. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं माझंच. एवढी वर्षं मागे बसून त्यांनी एक अक्षर सोडलं नव्हतं.

पहिलं झालं. दुसरं, तिसरं. चौथं झालं. आणि ते थांबले.

आत्याबाईंचा तेलाचा हात थांबला. बाहेर कोणी खाकरलंसुद्धा नाही.

मग पाचवं आलं. सावकाश, एकेक शब्द सुटा, छाती भरून. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागून सगळी वस्ती आली आणि तो आवाज पातळ नव्हता. आत्याबाईंनी तेलाचे हात तसेच डोळ्यांवर ठेवले.

थोड्या वेळाने पावलं वाजली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नसत, म्हणून ते कुडाबाहेरच उभे राहिले.

"सूनबाई, आलं काय ऐकू?"

मी पोरीला सांभाळत कुडाकडे तोंड केलं.

"आलं, मामाजी," मी म्हटलं. "मी तुमच्या मागून म्हटलं."